समाजकार्याचे संदर्भ : पिशवीत काय ठेवायचं, कपाटात काय ठेवायचं

आमच्याकडे फील्डवर्कला येणारी समाजकार्याची मुलंमुली दरवर्षी एकच विचारतात, ताई एकच पुस्तक सांगा, जे घेतलं की काम भागेल. दरवर्षी मी काहीतरी वेगळं सांगते आणि नंतर वाटतं अजून दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतेय. मी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक आहे, त्याआधी सहा वर्षं एका संस्थेच्या महिला समुपदेशन केंद्रावर होते. खाली जे जे लिहिलंय ते सगळं मी रोजच्या केसमध्ये वापरलेलं आहे, पुस्तकांचे पैसे पण माझेच गेलेत.

आधी एक फरक सांगते. केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन वगैरेची जी जाड पुस्तकं आपण एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला वाचतो ती विचार तयार करतात, ती वाचलीच पाहिजेत, मी अजूनही अधूनमधून काढते. पण संदर्भ म्हणजे वेगळी गोष्ट. समोर बाई रडत बसलीय, बाहेर तिचा दीर उभा आहे, पोलीस विचारतायत पुढं काय, डॉक्टरांना बेड रिकामा करून हवाय, आणि तुमच्याकडे वीस मिनिटं आहेत, त्या वीस मिनिटांत जे उघडून उत्तर मिळतं तो संदर्भ. मी सगळ्याला याच कसोटीवर मार्क देते.

पहिला नंबर बेअर ॲक्टचा, म्हणजे टीकाटिप्पणीशिवाय नुसता कायद्याचा मजकूर छापलेल्या पुस्तकाचा, पण एका अटीवर, की त्यात नियम आणि फॉर्म असले पाहिजेत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात किंवा कुठल्याही कोर्टाबाहेरच्या पुस्तकाच्या दुकानात विचारलंत तर एकाच कायद्याच्या चार चार छोट्या आवृत्त्या दाखवतात, सगळ्या सारख्याच दिसतात, किमतीत वीसतीस रुपयांचा फरक. घाई करू नका. आधी शेवटून उघडा. शेवटी अनुसूची आणि नमुने नसतील तर ती आवृत्ती आपल्या कामाची नाही, वकिलाच्या कामाची असेल. आणि आवृत्तीचं वर्ष बघा, दुकानात जुना माल पडून असतो आणि दुकानदार मुद्दाम फसवतो असं नाही, त्यालाही माहीत नसतं.

फॉर्म का एवढे महत्त्वाचे ते सांगते. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असतो, कलम १८ संरक्षण, १९ निवास, २० आर्थिक, २१ मुलांचा ताबा, २२ भरपाई. पण २००६ च्या नियमांच्या मागे जे नमुने आहेत ते किती जणांनी उघडलेत? नमुना १ घरगुती घटनेचा अहवाल, तो संरक्षण अधिकारी भरतात म्हणून तो माहीत असतो, नमुना २ कोर्टाचा अर्ज, तोही माहीत. नमुना ४ म्हणजे बाईला तिचे हक्क काय आहेत ते सांगणारा कागद, आणि नमुना ५ म्हणजे सुरक्षा योजना. हा पाचवा नमुना माझ्या मते आपल्या कामातला सगळ्यात चांगला सरकारी कागद आहे. साधा तक्ता आहे, एका रकान्यात काय हिंसा झाली, पुढच्यात त्याचा काय परिणाम झाला, मग बाईला पुढं कशाची भीती वाटते, मग सुरक्षेसाठी काय उपाय करायचे, आणि शेवटी कोर्टाकडून कुठला आदेश हवा.

दोन वर्षांपूर्वी ऑर्थोच्या वॉर्डातून मला बोलावलं, डाव्या मनगटाला प्लास्टर, दीड वर्षाची मुलगी मांडीवर, बाई म्हणते न्हाणीत पडले. आठवड्यापूर्वीच्या केसपेपरवर पण न्हाणीत पडल्याचंच लिहिलेलं. मी काहीच विचारलं नाही, मुलीला बिस्कीट दिलं, तिला चहा आणला, अर्ध्या तासाने ती आपणहून बोलायला लागली. आता अशा वेळी आपण घाबरून एकदम उपदेश करायला लागतो, माहेरी जा, तक्रार कर, मुलीचा विचार कर. मी तो तक्ता काढला आणि एक एक रकाना तिच्या शब्दांत भरत गेले. भीतीच्या रकान्यात तिने सांगितलं की नवरा मारतो त्याची भीती नाही, भीती याची आहे की पोरीला घेऊन सासू गावाकडं निघून जाईल. मी इतका वेळ निवासाच्या आदेशाचा विचार करत बसले होते आणि तिला आधी हवं होतं कलम २१. तक्ता नसता तर मी माझ्याच मनातलं लिहून मोकळी झाले असते. त्यामुळे कुठलंही पुस्तक घ्या पण हा नमुना ५ झेरॉक्स करून दहा प्रती कायम जवळ ठेवा, मराठीत स्वतः लिहून काढा, बाईला वाचता येत असेल तर तिच्या हातात द्या, फक्त ती प्रत घरी ठेवायची नाही हे पण तिला सांगा.

मुलांच्या बाबतीत पण तेच आहे. बाल न्याय कायदा २०१५ चा, लागू झाला १५ जानेवारी २०१६ ला, आणि त्याचे आदर्श नियम २०१६ चे. कलम ३१ प्रमाणे मूल सापडल्यापासून २४ तासांत बालकल्याण समितीसमोर न्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून, हे सगळ्यांना पाठ आहे. पण नेताना काय लिहून न्यायचं? नमुना १७. आणि सामाजिक चौकशी अहवाल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलासाठी नमुना २२ आणि विधी संघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलासाठी नमुना ६, हे दोन वेगळे आहेत, नवीन लोक हमखास एकाच्या जागी दुसरा भरतात. मी पण भरलाय एकदा. नमुना २२ नुसता वाचला तरी घरभेटीत काय विचारायचं ते कळतं, शाळा का सुटली, घरात कोणाचं कोणाशी पटतं, मूल घरातून का निघालं, एवढ्या बारकाईने कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचा बेअर ॲक्ट घेताना आत २०२० चे नियम आहेत की २०१२ चे ते बघा, जुने नियम अजून छापून विकले जातात. २०२० च्या नियमांतला नमुना अ हा मुलाला आणि घरच्यांना काय काय मिळायला हवं त्याची यादी आहे, एफआयआरची प्रत, फुकट तपासणी, समुपदेशन वगैरे. तो मी घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवते, कारण त्या क्षणी त्यांना एवढंच वाटत असतं की आता आपल्यालाच गुन्हेगारासारखं वागवणार.

आता तारखेचा मुद्दा, आणि हा मला फार लागलेला आहे. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि पुरावा कायदा गेले आणि भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम आले, हे टीव्हीवर पण होतं. पण आपल्याकडचे संदर्भ बदलले का? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका प्रशिक्षणात मिळालेली छान रंगीत हस्तपुस्तिका माझ्या टेबलावर होती, नवीकोरी, गुळगुळीत कागद. त्यातला पोटगीच्या अर्जाचा नमुना मी एका बाईला दिला, वर लिहिलेलं कलम १२५. मी पण सवयीने वाचलं आणि दिलं. ती बाई तालुक्याला गेली, तिथं काउंटरवर सांगितलं हे कलम आता नाही, नवीन लिहून आणा. चाळीस किलोमीटर येणं, चाळीस जाणं आणि एका दिवसाचा रोज बुडाला. ती मला काहीच बोलली नाही, फक्त कागद परत दिला. नवीन कायद्यात ते कलम १४४ आहे, आणि सासरच्या छळाचं जुनं ४९८अ आता न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ मध्ये आलंय, एफआयआरचं १५४ होतं ते १७३ झालं. आणि गंमत नाही, गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर कलम जुनंच लागतं, म्हणजे जुनी पुस्तिका फेकून पण द्यायची नाही. मी माझ्या जुन्या पुस्तकांवर लाल पेनाने मोठं लिहून ठेवलंय, जून २०२४ पर्यंतच. छापणाऱ्यांनी पहिल्या पानावर माहिती कुठल्या तारखेपर्यंतची आहे ते लिहावं एवढी साधी गोष्ट आहे, पण लिहीत नाहीत.

म्हणून छापील पुस्तकाबरोबर इंडिया कोड ही सरकारी वेबसाईट मोबाईलमध्ये असलीच पाहिजे. फुकट आहे, केंद्राचे आणि राज्यांचे कायदे आहेत, एकेक कलम वेगळं उघडता येतं, आणि कायद्याखालीच त्याचे नियम आणि अधिसूचना जोडलेल्या असतात. तळटिपेत कुठल्या दुरुस्तीने कुठला शब्द बदलला ते दिसतं. उदाहरणार्थ दत्तकाचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, ही २०२१ ची दुरुस्ती, १ सप्टेंबर २०२२ पासून लागू, ती तिथं बरोबर दिसते. तक्रार दोनच, साईट कधीकधी इतकी रेंगाळते की वॉर्डातल्या नेटवर्कवर उघडतच नाही, आणि मराठी मजकूर फारसा मिळत नाही. मी महत्त्वाचे सहा कायदे पीडीएफ करून फोनमध्ये ठेवलेत आणि दर सहा महिन्यांनी परत उतरवते.

इंडियन कानून ही दुसरी साईट, २००८ पासून चालू आहे, निकाल शोधायला. बरेच जण म्हणतात समाजकार्यवाल्याला निकालांचं काय करायचंय, मला ते पटत नाही. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा घ्या. आमच्याकडे वॉर्डात म्हातारे सोडून जातात, नाव पत्ता खोटा देऊन, आणि नंतर कळतं की सातबारा मुलाच्या नावावर करून झालाय. कलम २३ म्हणतं की सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता आणि सांभाळ केला नाही तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. आजोबांना आपण आनंदाने सांगतो की जमीन परत मिळेल. पण डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ती अट होती हे दाखवावं लागेल, आणि मग जानेवारी २०२५ च्या निकालात सांगितलं की हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे तेव्हा तो उदारपणे वाचा. हे दोन्ही वाचले नसतील तर आपण आजोबांना एकतर खोटी आशा देतो नाहीतर उगाच निराश करतो. मी आता आधी विचारते, बाबा कागदावर काय काय लिहिलंय, दुसरा कुठला कागद केला होता का, कोणासमोर बोलणं झालं होतं, आणि मग प्रांत ऑफिसला, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायला मदत करते. न्यायाधिकरण प्रांतांकडे असतं, निर्वाह भत्ता महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार आणि कलम १७ प्रमाणे तिथं वकील लागत नाही, हे तीन मुद्दे तर मी कार्डावर लिहून ठेवलेत. इंडियन कानूनवर इंग्रजी जड जातं हे खरं, पण निकालाचे शेवटचे दोन परिच्छेद वाचायची सवय लावा, हळूहळू जमतं.

आता ज्याच्याशिवाय महाराष्ट्रात आपलं पानही हलत नाही ते, जीआर. शासन निर्णयांची सरकारी साईट मी सगळ्यात जास्त वापरते आणि तिला पाचपैकी चार देईन. योजनांची माहिती व्हॉट्सॲपवर येते ती नव्वद टक्के वेळा अर्धवट असते असं माझं स्पष्ट मत आहे, कोणीतरी मधलंच पान पाठवतं, तारीख कापलेली असते. संजय गांधी निराधारचंच बघा, माझ्या सुरुवातीच्या काळातल्या माहितीपत्रकात महिना ६०० लिहिलेलं, मग १००० झाले, २०२३ मध्ये १५०० झाले, आणि आमच्या पोर्चमधल्या बोर्डावर परवापरवापर्यंत ६०० च होते, मीच स्टुलावर चढून पट्टी चिकटवली.

जीआर वाचायची एक पद्धत मला आमच्या जुन्या मॅडमनी शिकवली ती सांगते. जीआरच्या शेवटी लिहिलेलं असतं की हा शासन निर्णय वेबसाईटवर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक असा आहे. तो लांबलचक आकडा उगाच नसतो, त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कोणी पीडीएफ पाठवली की मी आधी तो आकडा बघते आणि साईटवर टाकून शोधते, मिळाला तर खरा, नाही मिळाला तर पुढं पाठवायचा नाही. आणि वर जिथं "वाचा" असं लिहून जुन्या निर्णयांची यादी असते ती सोडून देऊ नका, सगळी खरी माहिती तिथंच दडलेली असते, मूळ निर्णय कुठला, त्यात कधी बदल झाला, मागे मागे जात राहा. एका विधवा बाईचा अर्ज नाकारताना दाखवलेली अट मी अशीच मागे मागे गेले तर पुढच्या एका निर्णयात बदललेली निघाली. ती प्रत घेऊन आम्ही तहसीलला गेलो, साहेबांनी वाचली आणि अर्ज घेतला, आवाज पण चढवावा लागला नाही. साईटची अडचण म्हणजे शोधताना शब्द अगदी तसाच लिहावा लागतो, सहाय्य आणि साहाय्य यात पण अडकतं, आणि जुन्या फायली स्कॅन केलेल्या असल्यामुळे आतलं काही शोधता येत नाही. विभाग आणि तारीख टाकून शोधलं की पटकन सापडतं.

दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची लैंगिक हिंसेच्या पीडितांच्या वैद्यकीय तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं हवीतच. संमती कशी घ्यायची, काय विचारायचं, काय अजिबात विचारायचं नाही, दोन बोटांची तपासणी करायची नाही हे सगळं त्यात स्पष्ट आहे. ती मी डॉक्टरांसमोर ठेवते, माझं मत म्हणून सांगितलं तर वाद होतो, मंत्रालयाचं पान उघडलं की होत नाही. उपचार सरकारीच काय खासगी दवाखान्याला पण फुकट द्यावे लागतात, हे कलम आधी ३५७क होतं ते आता नागरिक सुरक्षा संहितेत ३९७ आहे. मुंबईच्या सेहत संस्थेचं साहित्य पण बघा, वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००१ मध्ये हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी दिलासा केंद्र सुरू झालं ते मुंबई महापालिकेने त्यांच्याबरोबरच केलं, त्यामुळे त्यांचं लिखाण वॉर्डातून आलेलं आहे हे वाचताना कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसशास्त्रीय प्रथमोपचाराची पुस्तिका फुकट मिळते. बघा, ऐका, जोडून द्या, एवढंच तत्त्व आहे. अपघात, आग, पूर, कुठल्याही वेळी काय बोलायचं आणि काय नाही याची जी वाक्यं दिलीत ती फार कामाची आहेत. अपघात विभागात नवीन मुलांना पाठवायच्या आधी मी तेवढी पानं वाचायला लावते.

भाषा संचालनालयाचे कोश, विशेषतः न्यायव्यवहार कोश, ऑनलाईन आहेत. अहवाल मराठीत लिहिताना मला रोज लागतात. एक मात्र सांगते, कोशातला शब्द अहवालात लिहा, बाईशी बोलताना नको. कागदावर ती व्यथित व्यक्ती, समोर ती सुनीता नाहीतर मंगलताईच असते.

भारतीय समाजकार्याचा ज्ञानकोश १९६८ मध्ये नियोजन आयोगाने काढला, दुसरी आवृत्ती १९८७ ची. इतिहास समजून घ्यायला उत्तम, ग्रंथालयात बसून वाचा, विकत शोधत फिरू नका. टिसचं (मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) इंग्रजी त्रैमासिक १९४० पासून निघतंय, पेपर लिहायचा असेल तर त्याशिवाय गती नाही, रोजच्या केसला ते उपयोगी पडत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये.

फोन नंबरांचं पान हा पण संदर्भच आहे आणि तो मी पेन्सिलने लिहिते, म्हणजे बदलता येतो. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, सायबर फसवणुकीला १९३०, मोफत वकिलासाठी १५१००. मोफत वकील बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, हे नंबरच्या शेजारीच लिहा, कारण उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून परत पाठवलेल्या बायका मी पाहिल्यात. १०९८ आता २०२३ पासून सरकारी यंत्रणेतून चालतं, ११२ ला जोडलेलं, तर जुन्या संस्थेचा स्थानिक नंबर वहीत असेल तर आधी लावून बघा. दर तिमाहीला मी प्रत्येक नंबर स्वतः फिरवते, किती वेळात उचलतात तेही शेजारी लिहिते.

काय घेऊ नका तेही सांगते. परीक्षेची गाईडं कामावर आणू नका, त्यात कलमं असतात पण नियम नसतात. आणि हल्ली मुलं मोबाईलवर एआयला कलम विचारतात, परवा एकीने मला अशाच मिळालेल्या कलमासकट अहवाल आणून दिला, इंडिया कोडवर उघडलं तर तिथं भलतंच काही. विचारा हवं तर, पण सही करायच्या आधी मूळ पान उघडून बघा, त्या कागदावर एखाद्या मुलाचं राहण्याचं ठिकाण ठरणार असतं.

माझी स्वतःची फाईल साधी आहे, निळी, दोन भोकांची, आत वीस प्लास्टिकचे कप्पे, नमुना ५, नमुना १७ आणि २२, नमुना अ, ज्येष्ठांचं कार्ड, नंबरांचं पान आणि चालू जीआर. मनगट मोडलेली ती बाई मागच्या महिन्यात मुलीच्या लसीसाठी आली होती, मुद्दाम माझ्या खोलीत डोकावली. कोर्टात मुलीच्या ताब्याचा आदेश झालाय, राहते बहिणीच्या गल्लीत. तिने पर्समधून आमचा तो तक्ता काढला, बहिणीच्या ट्रंकेत ठेवलेला, घड्यांवर फाटत आलेला, आणि म्हणाली ताई याची दुसरी झेरॉक्स द्या, शेजारच्या बाईला पाहिजे. मी दोन दिल्या.